बारा चुली, बारा खड्डे

१२ नोव्हेंबर १९३४, सोमवार. सकाळी ७.

नवी वही. जुनी ईरम्माने बंबात घातली. म्हणाली, कोरीच हाय असं वाटलं. बरेच झाले. इतिहास आजपासून सुरू.

आज कचेरीत अर्ज देणार. सरकारने योजना काढली आहे. गावात ज्या इमारती ओस पडल्यात त्या मालकांनी विणकरांना आणि गिरणी कामगारांना राहण्यालायक करून द्याव्यात. चुना, कौले, लाकूड, फरशी सरकारी गोदामातून फुकट. मजूर मालकाने लावायचे. कंडिशन एकच. ३० मार्चला इन्स्पेक्शन. त्या दिवशी बारा खोल्यांत बारा चुली पेटलेल्या दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर इमारत धोक्याची ठरवून पाडायची आणि दगड रस्त्याला घालायचा.

साखर पेठेच्या मागचे आमचे जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, नऊ वर्षे बंद आहे. लोक म्हणतात गुरुसिद्धप्पाने बंद पाडला. साफ खोटे. बाजाराने पाडला. मी त्या वेळी फक्त मालक होतो.

तसा कागद ईरम्माच्या नावावर आहे. सासऱ्यांनी लेकीला चोळीबांगडीसाठी दिलेले. तांत्रिक बाब. अर्जावर तिची सही घेतली. सही करताना तिने एकच विचारले, ह्या वेळी तरी ऱ्हाईल न्हवं? नऊ वर्षांत ती जिनिंगबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. मला लागले ते. मी म्हणालो, राहील म्हणजे काय, नांदेल!

संकल्प: बारा चुली पेटेपर्यंत तपकीर बंद.

सायंकाळी ६.

अर्ज दिला. रांगेत दोन तास उभा होतो. डोके जड. एक चिमूट घेतली. औषध म्हणून घेतलेली तपकीर संकल्पात मोडत नाही.

१५ नोव्हेंबर, गुरुवार.

ओव्हरसियर जिनिंग पाहून गेला. तरुण आहे, पुण्याकडचा, डोक्यावर हॅट. फॉर्मात एक रकाना होता: जमीन, माती की फरशी. म्हणाला, आहे ती माती ठेवलीत तरी हरकत नाही. मी विचारले, सरकारला महाग काय पडते? म्हणाला, फरशी. मग फरशी! इतकी वर्षे आपण सरकारला देतो, एकदा सरकारने द्यावे.

आम्ही बोलत असताना शेजारचा चनबसप्पा काठी टेकत भिंतीच्या कडेने फिरत होता. त्याला गोठा बांधायचा आहे. जाताना म्हणाला, पाडायच्या आदी मला सांगा की अप्पा, इतका चांगला दगूड रस्त्यात कशाला?

त्याला सांगितले, हा दगड तुझ्या म्हशींच्या नशिबात नाही.

२६ नोव्हेंबर, सोमवार.

विणकरांचा म्होरक्या अंबय्या आला. तेलुगू माणूस, तोंडाने कमी, हाताने जास्त. त्याच्या भाऊबंदांची बारा कुटुंबे एका बोळात दाटीवाटीने राहतात. एका खोलीत दोन माग, आणि पोरे मागाखाली झोपतात. बाराही घरे यायला तयार.

सगळ्या खोल्या पाहिल्या. टाचेने जमीन ठोकली. मूठभर माती उचलून दाबली, हुंगली. म्हणाला, माती लई चांगली हाय मालक. ओल धरती. काय करू नका, असंच द्या.

गरीब माणूस. मागणे म्हणून नाहीच. मी मनात म्हटले, बाबा, तू फक्त बघत राहा. फरशीबद्दल एक अक्षर बोललो नाही. एकदमच डोळे दिपवायचे.

१९ डिसेंबर, बुधवार.

काम जोरात. शरणप्पा गवंडी कामावर आहे. चुन्यात गूळ आणि डिंक घालायला लावला. शंभर वर्षे फरशीचा एक तुकडा हलणार नाही.

शरणप्पाने विचारले, मागाला जागा कुटं सोडू? मी म्हणालो, खोली बारा फूट आहे, माग कुठेही मावेल. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला आणि चुना कालवायला वळला. गवंड्याने थापीने बोलावे.

पहाटे पाचला उठून देखरेख करायचा संकल्प आहे. उद्यापासून.

२० डिसेंबर. सकाळी ८.

थंडी आहे. देखरेख दुपारची जास्त परिणामकारक होते.

१४ जानेवारी १९३५, सोमवार. संक्रांत.

सगळे सोलापूर गड्ड्याच्या यात्रेला. देवाच्या काठ्यांची मिरवणूक सोडून मी जिनिंगवर. शेवटची फरशी बसली. एकट्याने बाराही खोल्यांतून अनवाणी चाललो. आरशासारखे काम! सासरे असते तर पाठ थोपटली असती. हयात असताना त्यांनी ती कधी थोपटली नाही, पण तेव्हा फरशी नव्हती.

ईरम्मा सायंकाळी बघायला आली. लई गार हाय की, म्हणाली. मग उंबऱ्यात थोडा वेळ उभी राहून म्हणाली, पन अंबय्याला इचारलंत का?

कशाला विचारायचे? देणगी विचारून देतात का?

२१ जानेवारी, सोमवार.

अनर्थ.

बारा कुटुंबे बिऱ्हाड आणि मागाची लाकडे गाड्यांवर घालून आली. दारात उभी राहिली. आत कोणी येईना. मला वाटले, दिपले. पाच मिनिटांनी अंबय्याने विचारले, मालक, पाय कुटं ठेवायचं?

मी म्हणालो, फरशीवर!

मग त्याने समजावून सांगितले. त्यांचा माग जमिनीला टेकलेला असतो. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात. खड्ड्यात लाकडी पावड्या असतात, त्या पायाने दाबायच्या. शिवाय खड्ड्यातली ओल सुताला लागते म्हणून सोलापूरच्या उन्हात सूत तुटत नाही. खड्डा नाही तर माग नाही, माग नाही तर चूल नाही.

मी विचारले, खड्डा केवढा?

म्हणाला, मानूस बसंल एवढा.

मी दोन पावले मागे सरलो. आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. माणूस बसेल एवढा खड्डा आमच्यात एकदाच खणतात, आणि त्यात बसलेला माणूस उठून चहा पीत नाही. तसले बारा खड्डे! घरात! चुलीशेजारी!

मी सगळ्यांसमोर सांगून टाकले, मी जिवंत आहे तोवर या छपराखाली कोणी खड्ड्यात बसणार नाही.

बिऱ्हाडे परत गेली. एका बाईने जाताना चुलीसाठी आणलेल्या तीन विटाही उचलून नेल्या.

ईरम्माने विचारले, फरशी घाला म्हनून कुनी सांगितलं हुतं? मी म्हणालो, सरकारने.

नीट विचार केला तर सरकारनेच. रकाना त्यांनी छापला होता.

२२ जानेवारी.

मी हटणार नाही. तपकीर तीन वेळा. परिस्थिती असाधारण आहे.

२ फेब्रुवारी, शनिवार.

युक्ती सुचली! खड्डा खालीच का हवा? जमीन खाली नेण्याऐवजी विणकर वर न्यावा. दोन हात उंच दगडी ओटा बांधायचा, मधे पोकळी ठेवायची, माणूस ओट्यावर बसेल, पाय पोकळीत सोडेल. पाय फरशीच्या वरच. म्हणजे धर्माने तो खड्डा होत नाही. नाव ठेवले आहे, उलटा खड्डा. याचे पेटंट घ्यावे म्हणतो.

ओव्हरसियरला सांगितले. तो बराच वेळ हॅटकडे बघत होता. बहुधा प्रभावित झाला.

९ फेब्रुवारी, शनिवार.

ट्रायल. अंबय्या ओट्यावर चढून बसला. डोके माळ्याच्या तुळईला लागले. मान वाकडी करून त्याने तासभर विणले. सूत अकरा वेळा तुटले. म्हणाला, दगडाला ओल कुटली मालक?

तो मुद्दाम उंच बसला होता असे माझे मत आहे.

चनबसप्पा दारातून बघत होता. खाली मान घालून हसला. म्हशींच्या संगतीने माणूस असा होतो.

१८ फेब्रुवारी, सोमवार.

विणकर गेले खड्ड्यात. त्यांना हवे तसे. योजनेत गिरणी कामगारही चालतात. त्यांना माग नाही, खड्डा नाही, फक्त फरशी. पाच जोडपी बघून गेली. फरशी आवडली. बायकांनी विचारले, हितं गिरनीचा भोंगा ऐकू येतो का? येत नाही. पहाटेचा भोंगा चुकला तर गिरणीचे फाटक बंद.

मी शब्द दिला, रोज पहाटे पाचला मी स्वतः थाळी बडवीन. एक कुटुंब लगेच राहायला आले. पहिली चूल! माझ्या हाताने नारळ फोडला.

१९ फेब्रुवारी. सकाळी ८.१५.

थाळी सापडत नव्हती.

सायंकाळी ५. कुटुंब गेले. त्या माणसाने मला जे काही ऐकवले ते वहीत लिहिण्यासारखे नाही. माणसाने स्वतः उठायला शिकले पाहिजे. मी किती जणांना उठवू?

१ मार्च, शुक्रवार.

एकोणतीस दिवस उरले. चुली: शून्य. निर्धार: पूर्ण.

अंबय्याचा साडू वाट बघून कंटाळला आणि कुटुंब घेऊन भिवंडीला गेला. म्हणजे आता बाराच्या जागी अकराच घरे राहिली. लोकांना धीर म्हणून नाही.

ईरम्मा हल्ली दुपारी विणकरांच्या बोळात जाते. लुगडी बघते असे दिसते. नऊ वर्षांत तिने नवे लुगडे मागितले नव्हते. तिला हौस वाटू लागली याचा मला आनंद आहे.

११ मार्च, सोमवार.

चनबसप्पा दोन गाड्यावाले घेऊन आला होता. किती खेपा होतील याचा अंदाज घेत होता. ईरम्मा नेमकी तिथे. त्याला म्हणाली, दगडाला हात लावायच्या आदी माझ्याशी बोला, जिन माझ्या बापाची हाय.

मला ते शब्द जरा खटकले. आमची म्हणायला हवे होते. पण चनबसप्पा गेला, ते बरे झाले.

ईरम्माच्या बोटांना सुताचे काप पडले आहेत. विचारले तर म्हणाली, कांड्या भराय शिकते. कांड्या म्हणजे धोट्यात, मागावर इकडून तिकडे फिरणाऱ्या लाकडी होडीत, घालायच्या सुताच्या गुंडाळ्या. कशासाठी शिकते, ते सांगितले नाही. बायकांचे छंद.

१८ मार्च, सोमवार.

हात दाखवून अवलक्षण! सकाळी जिनिंगवर गेलो तर पहारीचे घाव ऐकू येत होते. पहिल्या खोलीत शरणप्पा फरशी उखडतोय. शेजारी ईरम्मा, पदर खोचलेला. मागे अंबय्या आणि त्याचे भाऊबंद, हातात कुदळी.

मी ओरडलो, हे माझ्या हुकमाशिवाय कोणी चालवले? ईरम्मा शांतपणे म्हणाली, कागद माझा हाय.

तांत्रिक बाब अशी अचानक अंगावर येते.

शरणप्पा मात्र घामाघूम. गूळ-डिंकाचा चुना काही सुटत नव्हता. दोन पहारी वाकल्या. मला म्हणाला, लई मजबूत घातलं हुतं अप्पा. तेवढा एकच माणूस कामाची कदर करतो.

अकरा खोल्या गेल्या तर जावोत. बारावी मी सोडणार नाही. पोथी, पूजेचे सामान, तांब्या आणि घोंगडे घेऊन बाराव्या खोलीच्या मधोमध बसलो आहे. हल्ली देशात बसून निषेध करण्याची फॅशन आहे. मी फॅशनसाठी बसलेलो नाही. मी फरशीसाठी बसलो आहे.

२१ मार्च, गुरुवार. बारावी खोली.

चौथा दिवस. पाठ धरली आहे. फरशी थंड, हा तिचा गुण. कडक, हाही गुणच.

भिंतीपलीकडे खड्डे खणून झाले. माग बसले. दिवसभर खटाखट, खटाखट. पलीकडे अंबय्याची म्हातारी आई तेलुगूत काहीतरी गुणगुणत असते. आज खटाखट मधेच थांबली तर मला चुकल्यासारखे झाले. सवयीचा भाग.

जेवण घरून येते. विरोध आहे म्हणून भाकरी का सोडायची? शेंगाचटणी तिखट होती.

२५ मार्च, सोमवार.

अकरा चुली पेटल्या. धूर माझ्या खोलीत येतो. मला धुराचा त्रास होतो, पण तक्रार नाही.

ओव्हरसियर आगाऊ पाहणीला आला. अकरा मोजल्या आणि माझ्या दारात थांबला. मी बाणेदारपणे म्हणालो, लिहा बारावी! इथे मी राहतो! तो म्हणाला, मालकाची चूल धरत नाहीत, विणकर किंवा कामगार पाहिजे. मी म्हणालो, अकरावर भागवा. तो म्हणाला, बारा म्हणजे बारा, माझ्या हातात नाही. अकरा असतील तर सगळी इमारत पाडावी लागेल, आणि या अकरा घरांना उठावे लागेल.

मी म्हणालो, पाडा बघू! माझ्यासकट पाडा!

तो गेल्यावर पलीकडचे सगळे माग थांबले होते.

अंबय्याने बाराव्या कुटुंबासाठी सगळ्या बोळांत विचारले. खड्ड्याला नाही म्हणणाऱ्या मालकाकडे यायला कोणी तयार नाही. माझे नाव बरेच लांब पोचलेले दिसते.

२८ मार्च, गुरुवार. दुपारी.

ईरम्मा आली. माझ्या शेजारी फरशीवर बसली. अशी शेजारी ती कधी बसली होती ते आठवत नाही.

म्हणाली, ह्याच खोलीत माझ्या अप्पांचा काटा हुता. कापूस मोजायचे. मी लहान हुते तवा ढिगात उडी मारायची आनि अप्पा रागवायचे न्हाईत. मग ते गेले, मग जिन गेली. मी तुमाला कदी बोलले का? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, न्हाई बोलले. आता ह्या अकरा बाया मला अक्का म्हनत्यात. पोरं अंगावर येत्यात. परवा त्येंची बिऱ्हाडं पुन्ना गाडीवर चढली तर मला बगवायचं न्हाई. तुमी खड्ड्याला मरान म्हनता. अवो, जिन नऊ वर्षं बंद हुती, ते काय हुतं मग?

ती रडली नाही. मी मात्र पोथी दोनदा पुसली. चुन्याची धूळ फार आहे.

मग उठताना ती सहज म्हणाली, घरी हुग्गी केली हाय. गव्हाची, गूळ घालून. गरम हाय.

मी उठलो.

मी केवळ हुग्गीसाठी उठलो, अशी नोंद असावी. निषेध कायम आहे. दोन वाट्या खाल्ल्या. सावकाश खाल्ल्या. तिसरी घेतली. परत येताना सरळ रस्ता सोडून तळ्याला पूर्ण वळसा घालून आलो, कारण जेवणानंतर चालावे असे वैद्य सांगतात. तळ्याकाठी बसून तासभर मासे पाहिले.

परत आलो तर खोलीच्या मधोमध खड्डा. माग बसवलेला. माझे घोंगडे कोपऱ्यात घडी करून ठेवलेले. शरणप्पाच्या तिसऱ्या पहारीचे दोन तुकडे दारात.

अंबय्याला विचारले, हा कोणाच्या मापाचा? म्हणाला, तुमच्याच पायाच्या. विचारले, माप घेतले कधी? म्हणाला, दहा दिवस पाय पसरून बसला हुतात की मालक.

मी त्याला सांगितले, मी हा अन्याय विसरणार नाही. तो बरं म्हणाला.

२९ मार्च, शुक्रवार.

घरी झोपलो. पाठ बरी. मन घट्ट.

उद्या मी जाणार, पण फक्त साक्षीदार म्हणून.

३० मार्च, शनिवार. सायंकाळी ५.

सकाळी दहाला ओव्हरसियर. दाराबाहेर चनबसप्पा, चार गाड्यांसह. बैल सावलीला बांधून तो आमच्याच भिंतीला टेकून उभा होता.

चुली मोजल्या. एक, दोन, करत अकरा. बाराव्या खोलीत ईरम्माने चूल पेटवली होती. ती स्वतः भिंतीशी बसून कांड्या भरत होती. ओव्हरसियरने विचारले, या घरातला विणकर कोण?

अकराही खोल्यांतली माणसे दारात जमली होती. अंबय्याची आई काठी धरून पुढे आली होती. एका पोराच्या हातात पाटी होती, तो ती छातीशी धरून माझ्याकडेच बघत होता. ईरम्माने मान वर केली नाही. तिचे हात तेवढे थांबले.

मी साक्षीदार म्हणून दारात होतो. तिथून खड्ड्यापर्यंत चार पावले आहेत. ती मी कशी चाललो ते मला नीट सांगता येत नाही. काठावर बसलो आणि पाय आत सोडले.

अंबय्या म्हणाला, शिकतोय सायेब. कागदावर मालक अक्का हाय, ह्ये न्हाईत.

ओव्हरसियर म्हणाला, विणून दाखवा. पावडी दाबली. सूत तुटले. अंबय्याने गाठ मारली. परत दाबली, परत तुटले. परत गाठ. तिसऱ्या वेळी धोटा या कडेने त्या कडेला गेला. मग एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. ओव्हरसियरने हॅट काढून घाम पुसला आणि लिहिले: खोली बारा. गुरुसिद्धप्पा. विणकर, शिकाऊ. वय ५४. जमीन: माती.

सर्टिफिकेट सौ. ईरम्माच्या नावाने.

चनबसप्पाने चारही गाड्या रिकाम्या नेल्या. ईरम्माने त्याला हाक मारून पानसुपारी दिली. मी दिली नसती.

मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता की मी जिवंत आहे तोवर या छपराखाली कोणी खड्ड्यात बसणार नाही. म्हणून दुपारी मागावर बसल्या बसल्या स्वतःची नाडी पाहिली. चालू आहे. तेव्हा या मुद्द्यावर पुढे काही लिहिण्यात अर्थ नाही.

खड्ड्यात पायांना गार वाटते. हे ईरम्माला सांगणार नाही. तिने विचारले, तेव्हा ठीक आहे एवढेच म्हणालो, आणि ती तोंडाला पदर लावून बऱ्याच वर्षांनी हसली.

योजनेप्रमाणे आम्हाला वर्षभर याच खोलीत राहावे लागणार. अंबय्याने सांगितले आहे, रोज सकाळी सहाला मागावर. उठवायला तो स्वतः थाळी वाजवणार आहे. थाळी त्याला सापडली.

एक गोष्ट मात्र माझ्या मनासारखी झाली. बारा चुली पेटल्या, म्हणजे संकल्प तडीस गेला. ताठ मानेने डबी काढली. चिमूट नाकाशी नेणार तोच अंबय्याने हात पुढे केला. म्हणाला, न्हाई मालक. शिंकलात की सूत तुटतंय.

दिली.